मोबाईल की टॅब? आधी घरात कोणाच्या नावाचा नंबर नाही ते बघा

शाळा सुरू व्हायच्या आसपास पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "टीचर, पोरांसाठी मोबाईल घेऊ की टॅब? अभ्यासाला काय बरं?" दुकानदाराला विचारलं तर तो रॅम आणि कॅमेऱ्याचे आकडे सांगतो. घराला मात्र त्याहून मोठा फरक पडतो तो सिमचा. मोबाईल म्हणजे एका माणसाचा नंबर. स्वस्तातले बरेच टॅब फक्त वाय-फायवर चालतात, त्यांत सिमची जागाच नसते. सिमवाले टॅब मिळतात, पण ते महाग पडतात, आणि त्यातल्या काहींवर इंटरनेट चालतं पण साधा कॉल लागत नाही. घेण्याआधी दुकानातच आपलं सिम घालून बघावं.

आता नंबर कशाकशाला लागतो ते बघा. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच यंत्रात असावं लागतं, कारण पडताळणीचा एसएमएस तिथूनच जातो. म्हणजे बिनसिमच्या टॅबवर ते जमत नाही. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, महाडीबीटी, डिजिलॉकर, सगळीकडे ओटीपी. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईचा स्वतःचा आधार ओटीपी आणि पतीचा किंवा वडिलांचा, असे दोन्ही लागले. अब्बा कामावर, नाहीतर आखातात. अम्मीच्या आधारला नंबर जोडलाय तो मोठ्या मुलाचा, आणि तो कॉलेजात. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसलेली आई फोनवरून ओटीपी विचारत राहते आणि तोवर त्याची मुदत संपते. वर्गशिक्षकांना हे दरवर्षी बघायला मिळतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. घरात अम्मीचा स्वतःचा, स्वतःच्या नावाच्या सिमचा स्मार्टफोन नसेल, तर पहिला पैसा त्यावर जावा. टॅब नंतर. "तिला काय करायचाय फोन" असं म्हणणाऱ्या घरातच रेशनची ई-केवायसी अडकलेली असते.

व्हॉट्सअ‍ॅपचंही असंच. टॅबवर ते चालतं, पण बिनसिमच्या टॅबवर साधारणपणे कुणाच्या तरी मोबाईलला जोडून. एका नंबरला आणखी चार यंत्रं जोडता येतात. मूळ फोन चौदा दिवसांहून जास्त बंद राहिला की जोडलेली यंत्रं आपोआप लॉगआउट होतात.

मग टॅब कशासाठी? वाचायला. इथे मात्र तो मोबाईलला सहज मागे टाकतो, आणि हे तोंडी सांगण्यापेक्षा हिशेबाने पटतं. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर. मोबाईल उभा धरला तर स्क्रीनची रुंदी जेमतेम ७ सेंटीमीटर. म्हणजे अख्खं पान तिसऱ्या हिश्शाएवढं होतं, आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं. औषधाच्या पट्टीवरच्या मजकुरासारखं समजा. ११ इंची टॅबची रुंदी १४-१५ सेंटीमीटर, तिथे तेच अक्षर ८ पॉइंटच्या वर राहतं आणि डोळ्यांना त्रास न होता वाचता येतं. ८.७ इंची छोटे टॅब स्वस्त असतात, पण त्यांची रुंदी ११ सेंटीमीटरच्या जवळपास. अक्षर साडेसहा पॉइंटवर येतं. पीडीएफसाठी घ्यायचा असेल तर या मधल्या मापात पैसे घालू नयेत.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी तर हा मुद्दा जास्तच मोठा. बालभारतीची पुस्तकं उर्दूसह वेगवेगळ्या माध्यमांत मोफत पीडीएफमध्ये मिळतात. पण नस्तालीकमध्ये बे, पे, ते, से यांच्यातला फरक फक्त नुक्त्यांचा. एक खाली, तीन खाली, दोन वर, तीन वर. मोबाईलवर ते नुक्ते एकमेकांत मिसळतात. मूल दोन बोटांनी पान मोठं करतं, मग ओळ उजवीकडून डावीकडे सरकवत वाचतं, आणि पुढच्या ओळीसाठी परत उजव्या टोकाला जाताना ओळच चुकतं. तिसरी-चौथीच्या मुलाचं वाचन अशाने अडखळतं आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष नाही. मराठीच्या रफार-वेलांट्यांनाही हाच त्रास, जरा कमी. दादी-नानींना मुसहफचं पूर्ण पान मोठ्या अक्षरात बघायचं असेल, तर त्यांनाही टॅब सोयीचा.

बाकीचं थोडक्यात. टॅबचा कॅमेरा बहुधा साधा असतो, कागदपत्रांचे फोटो मोबाईलनेच काढावेत. मोबाईल दोनशे ग्रॅमच्या आसपास, मोठा टॅब अर्धा किलोच्या. लहान मूल तो हातात धरून बसत नाही, स्टँड घ्यावाच लागतो. स्क्रीन फुटली तर मोबाईलचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो, टॅबचा मागवावा लागतो. दोन्हींत रॅम ४ जीबीच्या खाली नको. अँड्रॉइड जुनं असेल तर बँकेची अ‍ॅप एक दिवस चालायची थांबतात, तेव्हा तीन-चार वर्षं पडून असलेलं मॉडेल "ऑफर"मध्ये मिळतंय म्हणून उचलू नये.

मुलांच्या हातात काय द्यावं? यात टॅब बरा, कारण तो बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर राहतो, खिशात जात नाही. त्यात आईच्या बँकेचं अ‍ॅप नसतं, ओटीपी येत नाही. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये दोन भावंडांना वेगवेगळे युजर करून देता येतात, आणि गूगलच्या फॅमिली लिंकमधून वेळ ठरवता येते. वाय-फाय नसलं तरी अम्मीच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालतो. अभ्यास संपला की हॉटस्पॉट बंद. यासारखं साधं कुलूप दुसरं नाही.

जुना माल घेताना एक काळजी. मोबाईल किंवा सिमवाला टॅब असेल तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर बघा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. यंत्र ब्लॉक केलेलं असेल तर उत्तरात कळतं. फक्त वाय-फायवाल्या टॅबला आयएमईआय नसतोच. तो चोरीचा आहे का हे असं तपासता येत नाही, आणि आपला चोरीला गेला तर ब्लॉकही करता येत नाही. तो जुना घ्यायचा तर मूळ बिलाशिवाय घेऊ नका, आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं गूगल खातं काढायला लावून टॅब रिसेट करून घ्या.