माग्दा नाखमान : विखुरलेला चित्रसंग्रह

रशियन चित्रकर्ती माग्दा नाखमान आचार्य यांचे मुंबईत १२ फेब्रुवारी १९५१ रोजी निधन झाले. त्यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला तेव्हा अवघे काही तास उरले होते. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे उघडले. मात्र त्यांच्या चित्रांना एकत्रित घर पुढेही लाभले नाही.

नाखमान यांचा जन्म १८८९ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील ज्यू. झ्वांत्सेवा कलाशाळेत लिओन बाक्स्ट यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. क्रिमियातील कोक्तेबेल येथे १९१३ मध्ये त्यांनी कवयित्री मारिना त्स्वेतायेवा यांचे व्यक्तिचित्र रंगवले. सोव्हिएत राजवटीत त्स्वेतायेवा यांच्या कुटुंबाची वाताहत झाली. पती सेर्गेई एफ्रोन यांना १९४१ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी काही आठवडे त्यांनी स्वतः आत्महत्या केली होती. व्यक्तिचित्र मात्र टिकले.

नाखमान यांचे पती एम. पी. टी. आचार्य हे लंडनच्या 'इंडिया हाऊस'मधील सावरकरांचे सहकारी. ताश्कंद येथे १९२० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. पण मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी मतभेद होऊन ते पक्षाबाहेर पडले आणि अराज्यवादाकडे वळले. अशा माणसाला मॉस्कोत थारा मिळणे कठीणच होते. हे दांपत्य १९२२ मध्ये बर्लिनला गेले. तेथे नाखमान यांनी १९३३ मध्ये व्लादिमिर नाबोकोव्ह यांचे चित्र काढले. ते पुढे हरवले. नाझी सत्तेवर आल्यावर बर्लिनही सोडावे लागले आणि स्वित्झर्लंडमार्गे १९३६ मध्ये त्या मुंबईत पोहोचल्या.

नाझींमुळे देशोधडीला लागलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हेही त्या काळी मुंबईत होते. रझा, हुसेन, आरा यांना पाठबळ देणारे म्हणून या तिघांची नावे कलेतिहासात नोंदली गेली. नाखमान यांचे नाव तेथे क्वचितच आढळते. व्यक्तिचित्रकाराची कामे बहुधा ज्याचे चित्र त्याच्याच घरी जातात, हे त्याचे एक कारण असावे.

पत्नीच्या पश्चात आचार्य यांनी उरलेली चित्रे विकण्याची धडपड केली. १९५४ मध्ये हलाखीतच मुंबईत त्यांचेही निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. व्हिएन्नाहून मुंबईत आलेल्या नर्तिका हिल्डे होल्गर १९४८ मध्ये लंडनला गेल्या. नाखमान यांची काही चित्रे त्यांच्या कुटुंबाकडे राहिली. मैत्रीण युलिया ओबोलेन्स्काया यांना नाखमान यांनी लिहिलेली पत्रे मॉस्कोत जतन झाली. या विखुरलेल्या साधनांच्या आधारे लीना बर्नस्टाइन यांनी लिहिलेले चरित्र २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.