लालबागेतील शैवाक आणि कपाटातील पुरावा

गोड्या मसाल्यातील दगडफूल मराठी घरांना परिचित आहे. कन्नडमध्येही त्याला ‘कल्लुहूवु’, म्हणजे दगडाचे फूलच म्हणतात. वस्तुतः ते फूल नव्हे. कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून घडलेला तो शैवाक होय. त्याला मुळे नसतात, पानांवर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाणी व क्षार तो थेट पावसातून आणि हवेतून घेतो आणि त्यांच्यासोबत धूर व जड धातूही. म्हणूनच १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांकडे हवेच्या शुद्धतेचे मापक म्हणून पाहिले.

हेच मापक बंगळुरूत लालबागेला लावले गेले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संजीव नायक व दलीपकुमार उप्रेती यांनी माधव गाडगीळ आदी सहकाऱ्यांसह केलेले हे संशोधन २००३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १८ वर्षांपूर्वी बागेत शैवाकांच्या २२ जाती नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी १८ आता आढळल्या नाहीत. १४ वेगळ्या जाती मात्र नव्याने दिसल्या.

केवळ बेरीज पाहिली तर २२ च्या जागी १८, म्हणजे घट किरकोळ. नावे पडताळली की चित्र पालटते: दोन्ही याद्यांत समान जाती अवघ्या ४. जवळजवळ सारा समाजच बदलला होता.

भौतिकशास्त्राचा अभ्यासक येथे एक प्रश्न विचारील: दोन्ही वेळची मोजपट्टी एकच होती, हे कशावरून? शैवाकांची नावे कालांतराने बदलतात, एका जातीच्या दोन होतात, ओळखही कधी चुकते. अनेक जाती केवळ डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, त्यांतील रासायनिक द्रव्ये तपासावी लागतात. छायाचित्रावर ही तपासणी होऊ शकत नाही. जात खरोखर नाहीशी झाली की तिचे नाव तेवढे बदलले, याचा निवाडा जुना नमुनाच करू शकतो.

असे नमुने वाळवून कागदी पाकिटांत ठेवतात. वर स्थळ, दिनांक, आधार (साल, खडक की माती) आणि संग्राहकाचे नाव लिहितात. डी. डी. अवस्थी यांचा संग्रह लखनौच्या त्याच संस्थेत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या आजरेकर संग्रहालयामागे पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांचे दीर्घकाळचे काम उभे आहे.

नव्या सर्वेक्षणाची बातमी होते. जुनी पाकिटे ओल आणि किडीपासून वाचवणाऱ्यांची होत नाही. शोधनिबंध छापून झाल्यावर नमुने संग्रहालयाच्या स्वाधीन करणे हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे. विद्यार्थ्यांनी हा नेम आरंभापासून पाळावा. लालबागेचे पुढचे सर्वेक्षण करणाऱ्याला आपल्या नोंदी तपासून पाहता आल्या पाहिजेत.