कान्होजी आंग्र्यांचं 'दस्तक' काय होतं? आणि असा जुना कागद घरात सापडला तर?

आज ट्रकला परमिट लागतं, तसा तीनशे वर्षांपूर्वी कोकणच्या समुद्रात जहाजाला परवाना लागायचा. पोर्तुगीजांच्या परवान्याचं नाव 'कार्ताझ'. सोळाव्या शतकापासून त्यांचा नियम सरळ होता: पैसे भरून कागद घ्या, नाहीतर जहाज जप्त.

मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी हाच नियम परक्यांना लावला. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचं 'दस्तक' हवं. इंग्रजांना ते मान्य नव्हतं, म्हणून त्यांच्या कागदांत कान्होजी 'चाचे' ठरले. खरं भांडण परवाना देण्याचा हक्क कोणाचा, याचं होतं.

नव्यानं स्वतंत्र झालेल्या अमेरिकेलाही असाच कागद काढावा लागला. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची राज्यं तिची जहाजं पकडत होती. तह झाले आणि १७९६ मध्ये जहाजांच्या पासपोर्टचा कायदा आला. पासपोर्ट चर्मपत्रावर छापायचे आणि वरचा भाग नागमोडी कापायचे. कापलेले तुकडे तिकडच्या राज्यांकडे जायचे. समुद्रात जहाज अडवलं की दोन्ही कडा जुळवून बघायच्या. एका अर्थानं त्या काळचा क्यूआर कोडच! राष्ट्राध्यक्ष कोऱ्या पासपोर्टवर आधीच सह्या करून ठेवत, जहाजाचं नाव बंदरात भरलं जाई. १८०१ ते १८०९ दरम्यानच्या पासपोर्टवर जेफरसन आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री मॅडिसन, अशा दोघांच्या सह्या मिळतात. मॅडिसन पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणून संग्राहक या कागदांच्या मागे असतात.

मराठी कागदात सही शोधत बसू नका. मजकूर कारकून मोडीत लिहायचा. अधिकार दिसायचा तो वरच्या शिक्क्यात आणि शेवटच्या मोर्तबात.

चाकूरपासून समुद्र कितीतरी लांब, तिथे दस्तक सापडणं अवघडच. पण मराठवाड्यातल्या जुन्या घरांत निजामाच्या काळातले मोडी, उर्दू कागद आजही निघतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. असा कागद मिळाला तर लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णता आणि चिकट थर कागद कायमचा बिघडवतात. सेलोटेपही नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कागद रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात असतील, तर त्यांचा क्रम मोडू नका. एकच 'भारी' कागद काढून विकला, की तो कोणाचा आणि कशासाठीचा, हे सांगणारे शेजारचे कागद मागे राहतात.

विकण्याआधी कायदाही बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मोल असलेलं, किमान ७५ वर्षं जुनं हस्तलिखित पुरावशेषात मोडतं. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ऑनलाइन गिऱ्हाईक कितीही डॉलर देवो. वाचून घ्यायचं असेल, तर पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.