थेंबाचा हिशेब : प्रस्तावना

सलाइन लावलेल्या माणसाच्या उशाशी ज्याने एक रात्र काढली आहे, त्याला या पुस्तिकेतला अर्धा विषय आधीच ठाऊक आहे. त्या इवल्याशा पारदर्शक कुपीत थेंब पडताना तो मोजत बसतो. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर, हे नर्सबाईंनी सांगितलेले असते. पहाटे चादर ओली लागते तेव्हा कळते, की सुईपाशी नळी सैल झाली होती. बाटली मात्र अगदी वेळेवर रिकामी झालेली असते. बाटली रिकामी झाली, म्हणजे औषध अंगात गेले असे नव्हे.

घरातल्या फिश टँकला थेंबाथेंबाने खुराक देणाऱ्या डोसिंग पंपाचे दुखणे नेमके हेच आहे. म्हणून त्याच्या नळ्या आणि जोड यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहावीशी वाटली. पंप कोणता घ्यावा, यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. चार मिलिमीटरच्या नळीचा जोड का गळतो हे सांगायला कोणी बसत नाही, कारण ते 'प्लंबरचे काम' वाटते. आणि प्लंबरला बोलवावे, तर तो अर्ध्या इंचाखालच्या नळीला हात लावत नाही.

विषयाला नवीन असलेल्यांसाठी थोडे मागून सांगतो. पाणवनस्पतींच्या टाकीला नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम आणि लोहासारखी सूक्ष्म द्रव्ये रोज थोडी थोडी लागतात. प्रवाळांच्या टाकीचा हट्ट याहून मोठा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ४०० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रवाळ आपला सांगाडा बांधायला ते आणि त्याच्या जोडीला कार्बोनेट सतत ओढून घेतात. समुद्राला ते जाणवत नाही, दोनशे लिटरच्या टाकीला दोन दिवसांत जाणवते. म्हणून कॅल्शियमची एक बाटली, अल्कलिनिटीची म्हणजे कार्बोनेटची दुसरी, मॅग्नेशियमची तिसरी, आणि प्रत्येकीमागे एकेक छोटा पंप असा संसार मांडावा लागतो.

हा पंप वेगळ्या जातीचा आहे. त्यात पंखा नाही, झडप नाही. मऊ नळीवरून रूळ फिरतात आणि आतड्यातून अन्न सरकावे तसा द्रव पुढे ढकलतात. द्रव नळीबाहेर कशालाच शिवत नाही. १८५५ साली अमेरिकेत पोर्टर आणि ब्रॅडली यांनी याचे पेटंट घेतले ते विहिरीतून पाणी काढण्यासाठी. १८८१ मध्ये युजीन अॅलन याने तीच कल्पना रक्त चढवण्यासाठी नोंदवली. पुढे मायकेल डिबेकी यांनी रुळांचा पंप सुधारला आणि ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्रावर यशस्वी शस्त्रक्रिया केली, त्या यंत्रात रुळांचेच पंप होते. तेव्हा टाकीखालच्या कपाटात घरघरणाऱ्या त्या डबीचे घराणे मोठे आहे, हे लक्षात असू द्यावे.

मी हे बंगळुरूच्या हेब्बाळमध्ये बसून लिहितो आहे आणि जागा विषयाला साजेशी आहे. इथल्या तलावाला जुन्या पद्धतीप्रमाणे 'तूबु' म्हणजे पाणी सोडायचे दार आणि 'कोडी' म्हणजे सांडवा. या मुलुखात तलावाचे पाणी कोणाला किती सोडायचे, हे ठरवून देणारा नीरगंटी गावोगाव असे. आपल्याकडे पाटकरी असतो तसा. आजचे बंगळुरू पिते त्यातले बरेचसे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीतून उपसून येते, आणि वाटेत मुरते त्याला पाणीपुरवठ्याच्या भाषेत 'बेहिशेबी पाणी' म्हणतात. इतका नेमका शब्द मला पुस्तिकेच्या नावासाठी वेळेत मिळाला असता, तर मी तोच घेतला असता. हेब्बाळातच कर्नाटकच्या पशुवैद्यकीय व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मत्स्य संशोधन केंद्र आहे. त्या विद्यापीठाचे मुख्यालय बीदरला, म्हणजे ज्या जिल्ह्यात बाजाराच्या दिवशी बरीच घासाघीस मराठीत चालते तिथे. मासे पाळायला शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला बंगळुरू परके वाटायचे कारण नाही.

भाषेच्या बाबतीत तर आपण श्रीमंतच आहोत. ठिबक सिंचनाने लॅटरल, जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप हे शब्द बांधाबांधावर नेले, ते इथे जसेच्या तसे चालतात. पण मला जास्त उपयोगी पडली ती जुनी क्रियापदे. फट असेल तर द्रव गळतो. शिवणीतून किंवा अंगातून येत असेल तर पाझरतो. नळीच्या बाहेरून खाली धावतो तेव्हा ओघळतो. सगळ्यात खालच्या जागी येऊन ठिबकतो. कपाटाच्या प्लायवुडमध्ये झिरपतो. इंग्रजी हस्तपुस्तिकेत या सगळ्याला मिळून एकच शब्द असतो, आणि दुरुस्तीतल्या बहुतेक चुका तिथेच होतात. ठिबकण्याची जागा दिसते म्हणून माणूस ती बदलत बसतो. गळण्याची जागा हातभर वर असते.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. माझ्या टाकीची अल्कलिनिटी आठवडाभर उतरत होती. बाटलीतली पातळी मात्र रोज ठरल्याप्रमाणे खाली जात होती, म्हणून पंपावर संशय नव्हता. प्रवाळांची भूक वाढली असे समजून मी मात्रा वाढवली. पुढे कपाटाच्या तळाला पांढरा पापुद्रा दिसला आणि त्या पापुद्र्याच्या वर, जॉइनरला लोंबणारा एक थेंब. जॉइनर बदलला. पुन्हा थेंब. दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला, तरी थेंब. तिसऱ्या खेपेला बॅटरी लावून नीट पाहिले तेव्हा पंपाच्या निपलवर, म्हणजे नळी चढवायच्या तोटीवर, ताणून बसवलेल्या नळीच्या काठाला नखाएवढी चीर होती. द्रव तिथून ओघळून, नळीला धरून, खालच्या वळणावर असलेल्या निर्दोष जॉइनरवरून ठिबकत होता.

खरी गंमत हिशेबात आहे. रोजची मात्रा ३० मिली, ती दर दोन तासांनी अडीच मिलीच्या बारा हप्त्यांत. पंपापासून टाकीच्या काठापर्यंत एक मीटर चढण. चार मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत साडेबारा मिली द्रव मावतो. म्हणजे एका हप्त्याने जेमतेम वीस सेंटिमीटर नळी भरते. अडीच मिली म्हणजे पन्नास थेंब. चिरेतून अडीच मिनिटांना एक थेंब जरी गेला, तरी पुढचा हप्ता येईपर्यंत नळी जवळपास रिकामी होते आणि टाकीत काहीच पोचत नाही. दर दोन तासांनी पंप इमानाने फिरतो, बाटली इमानाने उतरते. थोडे थोडे द्यावे म्हणजे टाकी स्थिर राहते हा सल्ला बरोबरच आहे, पण गळक्या नळीवर तोच सल्ला उलटतो. चीर कापून नळी पुन्हा बसवली तेव्हा मी आणखी एक चूक केली: वाढवलेली मात्रा परत उतरवली नाही. दोन दिवसांत अल्कलिनिटी इतकी चढली, की प्रवाळांची टोके पांढरी पडली. गळती बुजवण्याआधी मात्रा मूळ आकड्यावर आणायची, ही ओळ या पुस्तिकेत तीन ठिकाणी आहे. ती पुनरुक्ती जाणूनबुजून केली आहे.

पंपाच्या अलीकडची, म्हणजे बाटलीकडची गळती याहून लबाड. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे थेंब बाहेर येत नाही. हवा आत जाते. कपाट कोरडे ठणठणीत आणि टाकी उपाशी. पारदर्शक नळीत मण्यांसारखे बुडबुडे सरकताना दिसले की समजावे. साबणाचे पाणी लावून काही उपयोग नाही, कारण फेस फुगायला आतून दाब हवा. त्यापेक्षा बाटली उचलून पंपाच्या वर ठेवावी. आता द्रव आपल्या भाराने खाली रेटतो आणि जो जोड हवा ओढत होता तोच थेंब सोडू लागतो. मीटरभर उंची म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा, पण तेवढा पुरतो. बाटली परत खाली ठेवायला मात्र विसरू नये. ती टाकीच्या काठाहून उंच राहिली आणि रूळ झिजले असतील, तर रातोरात सगळी बाटली टाकीत उतरेल. टाकीकडचे टोकही पाण्यात बुडवू नये, नाहीतर टाकीचे पाणी उलट बाटलीकडे येऊ शकते.

मापांचा घोळ हे आपल्याकडचे खास दुखणे. हवेची सिलिकॉन नळी आत चार, बाहेर सहा मिलिमीटर. इंची मापाची तीन-सोळांश नळी आत पावणेपाच मिलिमीटर. दोन्ही एकाच खोक्यात पडलेल्या असतात आणि दुकानदार दोन्हींना 'एअरचा पाइप' म्हणतो. चारच्या काटेरी निपलवर पावणेपाचची नळी सहज बसते, आणि सहज बसते तीच गळते. उलट घरच्या आरओची पाव इंची नळी बाहेरून ६.३५ मिलिमीटर, तर न्यूमॅटिकच्या दुकानातला दाबून बसवायचा कनेक्टर सहाचा. ती तिथे रेटून बसवली की आतले रबरी कडे फाटते. शिवाय असे कनेक्टर कडक नळीसाठी असतात. मऊ सिलिकॉन त्यात चेपते आणि पाझरते. नळी कात्रीने कापली तर तोंड लंबगोल होते. ब्लेड घ्यावे आणि काटकोनात एकदाच फिरवावे. टेफ्लॉन टेप आट्यांसाठी असतो, काटेरी निपलवर गुंडाळून काही साधत नाही. नळी सरकावी म्हणून सिलिकॉन ग्रीस लावण्याचा मोह होतो, पण सिलिकॉनची नळी ते पिऊन फुगते. साध्या पाण्याचे बोट पुरे.

भिंतीला लोणा लागतो तसा जोडाला लागला, तर तो आधी पुसू नये. ती गळतीची सही आहे. लोण्याचा सगळ्यात वरचा कण जिथे, तिथून शोध सुरू. प्रवाळवाले काही जण चुन्याची निवळी वापरतात, आपल्याकडे लहान मुलांना देत तीच. तिच्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने साय धरते आणि नळीचे तोंड अरुंद होते. तोंड तुंबले की मागे दाब वाढतो आणि कालपर्यंत धड असलेला जोड आज गळतो. अशा वेळी जोडाला दोष देऊ नये. नळीचे टोक व्हिनेगरमध्ये बुडवावे.

वाचकाला अभियंता असण्याची गरज नाही. लागेल ते घरातच आहे: बॅटरी, कोरडा टिश्यू, खायचा रंग, औषधाच्या बाटलीबरोबर आलेला मापाचा पेला. प्रत्येक जोडाला टिश्यूची एक पट्टी गुंडाळून रात्रभर ठेवा. रंगीत पाणी चालवले असेल, तर सकाळी कोणती पट्टी सर्वांत वर रंगली ते दिसेल. मग टाकीकडचे टोक पेल्यात सोडून एक दिवसाची मात्रा मोजा. मात्र टोक टाकीच्या काठाइतक्याच उंचीवर धरा. पेला जमिनीवर ठेवून मोजलेली मात्रा खोटी असते, कारण तिथे चढणच नसते. हे मला कोणी सांगितले नव्हते.

पुस्तिकेची प्रकरणे बाटलीपासून टाकीकडे, द्रव जातो त्या क्रमाने लावली आहेत. ज्यांची नळी आत्ता गळते आहे त्यांनी सातव्या प्रकरणापासून, उलट वाचावे.

हेब्बाळ, बंगळुरू