नोराची सही



आपल्या बचत गटात कर्ज हवं असेल तर आपण काय करतो? बैठकीत मागणी मांडतो, कशासाठी हवं ते सांगतो, ठराव लिहिला जातो आणि खाली आपण सही करतो. अंगठा सोडून सही शिकलेल्या किती तरी जणी आपल्यात आहेत. आज मी तुम्हाला एका सहीचीच गोष्ट सांगणार आहे. ती एका नाटकातली आहे. नाटक लिहिलं नॉर्वे देशाच्या हेन्रिक इब्सेन यांनी, १८७९ साली. नाव आहे ‘बाहुलीचं घर’.

नाटकातल्या बाईचं नाव नोरा. लग्नाला आठ वर्षं झालेली, तीन लेकरं. नवरा टोरवाल्ड, नव्या वर्षात बँकेत मोठा साहेब होणार. तो तिला लाडानं पाखरू म्हणतो, खारूताई म्हणतो. गोड खाऊ नको, दात खराब होतील, असंही बजावतो. वरून बघितलं तर सुखाचा संसार. मारहाण नाही, उपासमार नाही.

पण नोराच्या पोटात एक गुपित आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा खूप आजारी पडला होता. गरम हवेच्या देशात नेलं नाही तर जगणार नाही, असं डॉक्टरांनी नोराला सांगितलं. जायला पैसा नव्हता, आणि नवरा तर कर्जाचं नावही काढू देत नव्हता. त्या काळी तिथं नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज घेता येत नसे. म्हणून नोरानं गुपचूप एका सावकारी करणाऱ्या माणसाकडून पैसे घेतले. त्यानं जामीन म्हणून तिच्या वडिलांची सही मागितली. वडील तर मरणाच्या दारात होते. त्यांना त्रास नको म्हणून नोरानं त्यांची सही स्वतःच केली. ती नवऱ्याला इटलीला घेऊन गेली, आणि तो बरा झाला. पैसे माझ्या वडिलांनी दिले, असं तिनं त्याला सांगितलं.

पुढं सगळं कर्ज तीच फेडत राहिली. कपड्यालत्त्याला मिळालेल्या पैशातले निम्मे बाजूला टाकायचे. रात्री दार लावून कागदांच्या नकला उतरवून देण्याचं काम करायचं. घरात कुणाला पत्ता नाही. मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणींनी डाळीच्या डब्यात पैसे दडवून हप्ते भरलेत, ते आपल्यालाच माहीत.

मग एक दिवस गुपित फुटतं. कर्ज देणारा माणूस त्याच बँकेत नोकरीला असतो. टोरवाल्ड त्याला काढायला निघतो, तेव्हा तो नोराला धमकावतो. वडील वारले २९ सप्टेंबरला, आणि कागदावरच्या सहीखाली तारीख आहे २ ऑक्टोबर! तो सगळं लिहून टोरवाल्डला पत्र पाठवतो. नोराला वाटतं, आता नवरा आपल्या पाठीशी उभा राहील, दोष स्वतःवर घेईल. पण पत्र वाचून तो तिला गुन्हेगार ठरवतो. लेकरं तुझ्या हाती देणार नाही म्हणतो. लोकांपुढं मात्र संसार नीट दिसायला हवा, हेही सांगतो. तेवढ्यात दुसरं पत्र येतं. त्या माणसानं कर्जाचा कागद परत पाठवलेला असतो. लगेच टोरवाल्डचा राग जातो. आपण वाचलो म्हणून तो खूश होतो, बायकोला माफही करून टाकतो.

नोरा मात्र त्याला समोर बसवते. आठ वर्षांत पहिल्यांदाच नवरा-बायको गंभीरपणे बोलतात. माहेरी मी वडिलांची बाहुली होते, इथं तुमची झाले, मला आधी माणूस म्हणून उभं राहायचंय, असं तिचं सांगणं असतं. ती अंगठी परत देते आणि घर सोडून निघून जाते. दार बंद झाल्याचा आवाज येतो, नाटक संपतं.

त्या आवाजानं युरोपभर वादळ उठलं. आई लेकरं सोडून जातेच कशी, असं लोक विचारू लागले. जर्मनीतल्या एका नामांकित नटीनं असा शेवट करायला नकार दिला. तेव्हा इब्सेननं नाइलाजानं वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नोरा लेकरांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि घरातच राहते. हा बदल इब्सेनला स्वतःला मुळीच पटला नव्हता.

आता खरी गोष्ट ऐका. ही कथा हवेतून आलेली नव्हती. इब्सेनच्या ओळखीची लॉरा कीलर नावाची एक लेखिका होती. नवऱ्याच्या क्षयरोगासाठी तिनंही लपवून कर्ज काढलं होतं. ते फिटेना, तेव्हा खोट्या कागदाच्या फंदात पडली. उघडकीला आल्यावर नवऱ्यानं तिला दूर केलं, तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. लेकरांसाठी तिनं विनवण्या केल्या, तेव्हा कुठं त्यानं तिला घरात परत घेतलं. नाटकातली नोरा दार ओढून गेली. खऱ्या लॉराला त्याच दारातून पुन्हा आत यावं लागलं.

मला यात एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नवऱ्याचा जीव वाचवण्याची जबाबदारी नोराची, कर्ज फेडण्याचे कष्ट नोराचे. पण तिच्या स्वतःच्या सहीला किंमत शून्य. किंमत बापाच्या सहीला, नवऱ्याच्या संमतीला. तिला खोटं करायला लावलं ते या कायद्यानं.

पुढं हा कायदा बदलला. लग्न झालेल्या बाईचा मिळकतीवर हक्क असावा, या मागणीच्या अर्जावर १८८४ साली इब्सेननंही सही केली. १८८८ साली नॉर्वेत विवाहित बाईला कायद्यानं सज्ञान मानलं गेलं, आणि तिच्या कमाईवर तिचा हक्क आला. एका नाटकानं हे झालं नाही. त्यासाठी बायकांनी संघटना काढल्या, मागण्या लावून धरल्या. पण नाटकानं घराघरांत वाद लावला, हे खरं.

हे नाटक आपल्या मराठीतही आलं. अनंत काणेकरांनी ते ‘घरकुल’ या नावानं मराठीत आणलं.

आज आपली सही चालते. बँक तर आपल्या गटाच्या दारात येते. पण सही आपली आणि पैसा दुसऱ्याच्या हातात, असंही होतं. म्हणून येत्या बैठकीत एक करा. गटाची कर्जवही उघडा आणि प्रत्येक कर्जापुढं तीन प्रश्न विचारा. हे कर्ज कुणाच्या कामासाठी घेतलं? हप्ता कुणाच्या घामातून जातो? आणि त्या पैशातून जे उभं राहिलं, शेळी असो, दुकान असो की घर, ते कुणाच्या नावावर आहे? नोरानं घर सोडलं ते बरोबर की चूक, यावरही खुशाल भांडा. दीडशे वर्षं झाली, लोक अजून भांडतायत.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.