सिकलसेल : रक्ताची तपासणी आणि माणसाचा मान

कापणीच्या विळ्याला आपल्या वऱ्हाडात कोणी इळा म्हणतो. रक्तातली गोल तांबडी पेशी जेव्हा या इळ्यासारखी वाकडी होते, तेव्हा ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. सांधे ठणकतात, अंगातले रक्त कमी होते, पोर वारंवार आजारी पडते. हाच सिकलसेल आजार होय.

या पेशींची पहिली नोंद १९१० साली शिकागोचे डॉ. हेरिक यांनी केली. रुग्ण होता वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला एक विद्यार्थी. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला, आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील आढळ 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पुढे विदर्भात तो आदिवासींप्रमाणे अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही दिसून आला. तेव्हा वरवट बकालच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांचाच हा रोग, असे कुणी समजू नये.

इथवरचा इतिहास डॉक्टरांचा झाला. मला सांगायचे आहे ते निराळेच. रक्त तपासले, दोष सापडला. पण ती माहिती कोणाच्या कामाची?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीस गेले. तिथे सिकलसेल आहे हे त्यांनी पाहणी करून दाखवून दिले. शास्त्राच्या दृष्टीने शोध मोठाच! लोकांना मात्र त्यात फारसा रस वाटेना. त्यांच्या लेखी त्यांची दुखणी दुसरीच होती. हा प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, तो आपला होता, हे डॉ. बंगांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. मग त्यांनी आधी लोकांचे ऐकायचे ठरवले. खेड्यातल्या स्त्रियांच्या न बोललेल्या आजारांवरचे त्यांचे संशोधन १९८९ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये आले. दोन गावांतल्या स्त्रिया तपासल्या, तर शंभरातल्या ब्याण्णव जणींना काही ना काही विकार निघाला. वैद्यकीय नीतीचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

उलट उदाहरण अमेरिकेचे. १९७० च्या सुमारास तिथल्या अनेक राज्यांनी काळ्या लोकांची ही तपासणी सक्तीची केली. रुग्ण कोण आणि वाहक कोण, हा फरकच पुष्कळांना कळला नाही. धडधाकट वाहकांना नोकरी नाकारली, विम्याचे दर वाढवले. १९७२ साली केंद्रीय कायदा झाला, तेव्हा तपासणी ऐच्छिक असावी अशी अट त्यात घालावी लागली.

आता आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि प्रत्येकाच्या हाती कार्ड द्यायचे, असा संकल्प आहे. काम चांगलेच आहे. लवकर कळले तर औषधाने त्रास पुष्कळ कमी होतो. पण गावात कार्ड म्हटले की सोयरीक आठवते! मुलीचे कार्ड मागतील, मुलाचे कोण मागणार?

म्हणून हिशेब नीट समजून घ्या. वाहकाच्या अंगी दोषाचा अर्धाच वाटा असतो. तो सहसा निरोगी असतो, शेतात राबतो. जोडप्यात एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणात चारात एक वाटा आजाराचा, दोन वाटे वाहक होण्याचे, आणि एक वाटा पूर्ण सुटकेचा. हा हिशेब नवऱ्याला आणि बायकोला सारखाच लागू आहे.

गुरुजींना एक विनंती. तपासणीचा निकाल वर्गात नाव घेऊन वाचू नका. तो पालकांना एकीकडे बोलावून सांगावा. आणि ज्या मुलाला आजार आहे त्याला वर्गात मधूनमधून पाणी पिऊ द्या, थंडीत बाहेर ताटकळत ठेवू नका. अंगातले पाणी कमी झाले, गारठा लागला किंवा ताप आला, की त्याच्या दुखण्याला जोर चढतो. ताप भरला तर मात्र घरी न पाठवता थेट दवाखान्यात न्यावे.