गोव्याचा कौल आणि आपली अहिराणी

परवा पारोळ्यात चहाच्या टपरीवर एक जण तावातावानं म्हणाला, "गोवा आपलाच व्हता ना भो, लबाडी करी त्यास्नी!" तेव्हा गप्प बसलो, आता लिहितोय.

लबाडी नाही भाऊ, मतं मोजली होती. १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. फुलाला १,३८,१७०, पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१.

गंमत बघा, दोन-अडीच महिन्यांत निवडणूक झाली आणि त्याच गोव्यानं विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो पक्षाला परत सत्ता दिली! बहुजनांना, कुळांना भाऊसाहेब आपले वाटायचे. महाराष्ट्रात जायचं की नाही, हा हिशेब वेगळा.

कटुता मात्र मोजणीनं संपली नाही. भांडण भाषेवर गेलं. कोकणी ही मराठीची नुसती बोली, असं एक बाजू म्हणायची. आणि तसं म्हणणाऱ्या कित्येकांच्या घरातही कोकणीच! १९८६ च्या आंदोलनात माणसं मेली. १९८७ ला कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. त्याच वर्षी ३० मे ला गोवा राज्य झालं.

मी शाळेत अहिराणीत उत्तर दिलं की गुरुजी म्हणायचे, "नीट बोल." वर्ग हसायचा. हसणारी पोरंही घरी अहिराणीच बोलायची. ते हसू मला अजून लागतं. मग पानांवर शिक्का मारणाऱ्याला मी लबाड कोणत्या तोंडानं म्हणू?